नटावरची पिवळी रेघ

चंद्रशेखर विमानातून उतरले तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते. पोटात दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी, व्याह्यांच्या पोर्चमध्ये.

सेरंगून या उपनगरातल्या त्या गल्लीत एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं होती आणि प्रत्येक घरापुढे एक गाडी मावेल एवढं छप्पर. बाकीच्यांच्या छपराखाली गाड्या उभ्या होत्या. प्रतापरावांच्या छपराखाली गाडीचा सांगाडा होता. चार लोखंडी घोड्यांवर चढवलेला, ना दारं, ना टप. प्रतापराव म्हणजे चंद्रशेखरांच्या मुलाचे, सारंगचे, सासरे. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं इथे राहून इथलेच नागरिक झालेले. सासरे-जावई मिळून परदेशातून सुट्या भागांची पेटी मागवून दोन सीटची मोटार घरच्या घरी जुळवत होते. इथल्या रस्त्यावर ती चालवायची परवानगी मिळेल ही आशा दोघांनी केव्हाच सोडली होती. तयार झाली की ट्रकवर घालून सरहद्दीपलीकडे जोहोरला न्यायची आणि सारंगच्या मित्राच्या मळ्यातल्या वाटांवर फिरवायची, एवढाच बेत.

"मळ्यातच फिरवायची तर ट्रॅक्टर घ्यायचा," अरुणा म्हणाली. ती चंद्रशेखरांची बायको. तिला जे वाटतं ते ती लगेच म्हणते, आणि नवऱ्याला तेच सोसत नाही.

चंद्रशेखरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते सांगाड्याच्या कडेने धावणाऱ्या बारीक तांबूस नळ्यांकडे बघत होते.

"मागचं सगळं झालं, बाबा," सारंग कौतुकाने म्हणाला. "पप्पांनी केलं."

"सगळं?"

"पुढची एकच नळी राहिलीय."

आता ही एकच नळी म्हणजे काय, ते समजायला चंद्रशेखर समजायला हवेत. या गृहस्थांनी एकतीस वर्षं चिंचवडला टेम्पोच्या कारखान्यात काढली, आणि ती सगळी ब्रेकच्या लाइनवर. पेडल दाबलं की तेलाचा दाब ज्या पेन्सिलीहून बारीक नळ्यांमधून चारी चाकांपर्यंत जातो, त्या नळ्या बसवणं हे त्यांचं काम. शेवटची बारा वर्षं ते तिथले सुपरवायझर होते. सारंगने फोनवर म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही आलात की ब्रेकचं बघूच." चंद्रशेखर हे वाक्य दोन महिने उशाशी घेऊन झोपले होते. बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी आपला जुना अकरा नंबरचा पाना मोज्यात गुंडाळून आणला होता. आणि इथे येऊन बघतात तर बँकेत जन्म काढलेल्या माणसाने त्यांचं ताट आधीच चाटून पुसून ठेवलेलं.

"व्हिडिओ बघून शिकलो हो, शेखरराव," प्रतापराव म्हणाले. "चुकलं असेल तिथे कान धरा."

चंद्रशेखर स्टुलावर बसले आणि कान धरायला जागा शोधू लागले. खाली वाकणं गुडघ्यांमुळे शक्य नव्हतं, त्यामुळे वरून जेवढं दिसेल तेवढं त्यांनी पाहिलं. नळ्या सरळ होत्या. वळणं गोल होती, कुठे चपटलेली नव्हती. वीतभर अंतरावर क्लिपा. जिथे चाक वळतं तिथे रबरी नळी, आणि तीही कुठे घासणार नाही अशी. काम चांगलं होतं. छे, काम सुरेख होतं, आणि म्हणूनच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट असतं तर त्यांनी ते मोठ्या मनाने सुधारून दिलं असतं.

मग त्यांना एक उणीव सापडली आणि जीव जरा थंड झाला. नटांवर रेघ नव्हती.

ही रेघ म्हणजे चंद्रशेखरांचा देव्हारा. नट शेवटचा आवळला की त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ लपत नाही. कारखान्यात नव्या पोरांवर ते ओरडायचे, "रेघ तुझ्यासाठी नाही रे, तपासणाऱ्यासाठी आहे!" घरीही तेच. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर रेघ, पंख्याच्या नटावर रेघ, सारंगच्या पहिल्या सायकलला तर एकही नट रेघेवाचून सुटला नव्हता. "मी स्क्रूने जोडलेली नाही म्हणून वाचले," असं अरुणा पाहुण्यांना सांगायची.

आता बापाच्या हाताखाली वाढलेला मुलगा सासऱ्याच्या संगतीत रेघसुद्धा विसरला, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं. बोलले मात्र नाहीत. बोलायची योग्य वेळ यायची होती.

सारंग आणि सून राधिका हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहायचे, आणि चंद्रशेखर-अरुणाही तिथेच उतरले होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सारंग शहाण्यासारखा ऑफिस आणि घर करायचा. शनिवार उजाडला की नाश्ता अर्धवट टाकून बसने सेरंगूनला. चंद्रशेखरही मागोमाग जायचे. तिथे दिवसभर एकच जप चालायचा. पप्पा, क्लिप द्या. पप्पा, इथे हात धरा. पप्पा, काय मस्त वळवलीत! काम अडलं की दोघं कोपऱ्यावर जाऊन पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन यायचे, दोऱ्याला धरून झुलवत, हसत. चंद्रशेखरांसाठीही आणायचे, पण ती "बाबांसाठी एक" अशी, वेगळी.

स्वतःच्या बापाशी हा मुलगा कधी असा हसला होता? चंद्रशेखरांनी आठवून पाहिलं. त्यांची शिफ्ट सकाळी सहाची, दुपारी झोप, संध्याकाळी क्लब. सारंग अभ्यास करायचा आणि त्यांना घाबरायचा. त्या वेळी त्यांना ते ठीकच वाटलं होतं.

"अहो, तोंड का असं?" अरुणाने एका रात्री विचारलं.

"कसं?"

"जळल्यासारखं."

"गुडघे दुखतात."

"गुडघे दुखल्यावर माणूस जावयाच्या सासऱ्याबद्दल झोपेत बोलत नाही."

"जावयाचा सासरा नाही, मुलाचा सासरा."

"बघा, दुखतंय कुठे ते," अरुणा म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तिसऱ्या शनिवारी शेवटच्या नळीची पाळी आली. प्रतापरावांनी स्वतः होऊन हत्यारं चंद्रशेखरांपुढे ठेवली. "ही तुम्हीच करा, शेखरराव. आम्हाला बघू द्या."

चंद्रशेखरांनी वाट पाहायला लावली नाही. वेटोळ्यातून नळी कापली, सरळ केली, कापलेल्या कडा घासल्या. मग त्यांनी अंगठ्याने आणि डोळ्याने माप घेत पेडलजवळच्या सिलिंडरपासून पुढच्या चाकापर्यंतची सात वळणं अशी काढली की प्रतापरावांनी "वा!" म्हटलं आणि सारंगने फोन काढून फोटो घेतला. फोटो! चंद्रशेखरांना वाटलं, दोन महिन्यांचं उशाशी घेतलेलं वाक्य आज खरं झालं. आता नळीची दोन्ही तोंडं फुलवायची, म्हणजे ती नटाच्या आत घट्ट बसतात. त्यांनी नळी शिकंज्यात धरली, हत्याराचा दांडा फिरवला, एक तोंड फुलवलं, दुसरंही फुलवलं. काढून उजेडात धरली. दोन्ही तोंडं गोल, एकसारखी, कुठे चीर नाही.

"नट?" सारंग म्हणाला.

नट टेबलावर होते. दोन्ही.

नट नळीत आधी ओवायचा असतो. तोंड फुललं की तो आत जात नाही. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरालाही ही चूक सांगून ठेवतात. आणि खरी गोष्ट अशी होती, जी चंद्रशेखरांना त्या क्षणी प्रथमच कळली, की एकतीस वर्षांत त्यांनी एकही नट स्वतः ओवला नव्हता. कारखान्यात नळ्या शेजारच्या खात्यातून नट ओवूनच यायच्या.

सारंग हसला. वाईट नाही हसला, पण पोट धरून हसला. "बाबा! तुम्ही!"

"माझं चार वेळा झालंय हे," प्रतापराव घाईने म्हणाले. "चार! पाचव्यांदा मी नट दातात धरून बसलो होतो." हे ऐकून सारंग आणखीच हसला, आणि आता दोघं मिळून हसत होते, त्या दातांतल्या नटाची जुनी आठवण काढून.

तोंड कापून पुन्हा फुलवावं तर नळी आखूड पडत होती. प्रतापरावांनी नवी नळी घेतली, चंद्रशेखरांची नळी शेजारी ठेवून तिच्यावर बेतून सातही वळणं काढली, नट ओवले, आणि तासाभरात बसवूनही टाकली. "वळणं तुमचीच आहेत हां," असं ते दोनदा म्हणाले. चंद्रशेखर हसून मान हलवत राहिले. आतून त्यांची राख झाली होती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं; हा माणूस सांभाळून घेत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तेल भरायचं ठरलं होतं. जेवण आधी उरकू, मग निवांतपणे भरू, असं प्रतापराव म्हणाले. आतून त्यांच्या बायकोने, स्मिताताईंनी, हाक मारली. अरुणा आणि राधिका आतच होत्या. सारंग आणि प्रतापराव हात धुवायला गेले.

"मी आलोच," चंद्रशेखर म्हणाले.

पोर्चमध्ये ते एकटे उरले. मागच्या चाकांमध्ये एक जोड होता, जिथून एक नळी दोन चाकांकडे फुटते. वरून दिसायला अडचणीचा, पण हात घातला की सापडायचा. त्यांनी खिशातला अकरा नंबरचा पाना काढला, हात घातला, चाचपून नट धरला. पाव फेरा सोडला. बस.

यात कोणाचंही वाईट होणार नाही, हे त्यांनी स्वतःला नीट समजावलं होतं. गाडी घोड्यांवर आहे. तेल भरलं की जोड ओघळेल. सगळे गोंधळतील. मग चंद्रशेखर स्टुलावरून उठतील आणि सांगतील, अमुक नट बघा. "प्रतापराव, नळी वळवणं सोपं, आवळणं हाताला कळावं लागतं." वाक्यसुद्धा तयार होतं. आणि सारंग बघेल. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, सारंगने एकदा त्यांच्याकडे तसं बघायला हवं होतं.

पाना त्यांनी सवयीने पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि ते जेवायला गेले. स्मिताताईंनी भरली वांगी केली होती. चंद्रशेखरांना चव लागली नाही.

जेवणानंतर प्रतापरावांनी तेलाची बाटली आणली. तिचं झाकण उघडणार, तोच सारंग म्हणाला, "थांबा पप्पा, आधी खालून बघून घेतो." चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून, टॉर्च घेऊन तो सांगाड्याखाली सरकला.

"सकाळीच बघितलंस की," चंद्रशेखर म्हणाले.

"तेल भरायच्या आधी एकदा. तुम्हीच शिकवलंय."

टॉर्चचा उजेड पुढून मागे सरकत गेला आणि एका जागी थांबला. बराच वेळ थांबला.

"पप्पा, मागच्या जोडाची रेघ तुटलीय."

"कसली रेघ?" चंद्रशेखरांच्या तोंडून निघून गेलं.

"पिवळी रेघ, बाबा. तुमचीच! खालून मारल्यात सगळ्या. तपासणारा खड्ड्यात उभा असतो, त्याला दिसली पाहिजे, तुम्हीच नाही का सांगायचात? मी पप्पांना पहिल्या दिवशीच सांगितलं, हात तुमचा, नियम बाबांचे. ते आवळतात, मी रेघ मारतो." टॉर्च हलला. "सकाळी अख्खी होती. कोणीतरी नट फिरवलाय."

चंद्रशेखर स्टुलावर बसलेले होते. तीन आठवडे ते रेघा वरून शोधत होते. ज्या नियमासाठी पोरांवर घसा फोडला, तो त्यांना स्वतःला आठवला नव्हता. आठवायला उणीव सापडल्याचा आनंद आड आला होता.

त्यांनी वर पाहिलं. प्रतापराव त्यांच्याकडेच बघत होते, आणि मग त्यांची नजर चंद्रशेखरांच्या मागच्या खिशाकडे गेली. पान्याचं तोंड बाहेर डोकावत होतं. प्रतापराव सांगाड्याकडे वळले.

"अरे, मीच तो. सकाळी तू बघून गेल्यावर शेजारची क्लिप सरकवली, तेव्हा नट सैल केला होता. परत आवळायचा राहिला बघ."

सारंग फळीसकट बाहेर आला. चेहरा लाल झाला होता. "राहिला? पप्पा, ब्रेक आहेत हे! हे 'राहिलं' म्हणायचं खातं आहे का? मी रेघ बघितली नसती तर? मळ्यात उतारावर पेडल पार तळाला गेलं असतं, शेजारी राधिका असती." तो कधी सासऱ्यांशी या आवाजात बोलला नव्हता. प्रतापरावांनी मान खाली घातली. निवृत्त बँकवाला माणूस, शाळेतल्या पोरासारखा आपल्याच पोर्चमध्ये उभा.

"चुकलं," ते म्हणाले.

"नाही, असं नको. इथून पुढे नळ्यांना तुम्ही हात लावू नका. बाबा बघतील." सारंग वळला. "बाबा, तुम्हीच करा. हा नट तुम्ही आवळा, आणि नवी रेघही तुम्हीच मारा. मी तुम्हाला खाली सरकवतो."

घ्या. जे हवं होतं ते सगळं मिळालं. सारंग त्यांच्याकडे अगदी तसंच बघत होता, ज्यासाठी हा उपद्व्याप केला होता. चंद्रशेखरांना ते बघणं सोसेना.

सारंगने त्यांना धरून फळीवर आडवं केलं. गुडघ्यातून कळ गेली. सांगाडा डोळ्यांवरून सरकला आणि ते पहिल्यांदाच या गाडीच्या खाली आले. टॉर्च त्यांच्या हातात होता. पुढून मागेपर्यंत प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. प्रत्येक रेघ वरून खाली ओढलेली आणि शेवटी डावीकडे एक छोटी शेपटी. ती शेपटी कुठल्याच नियमात नव्हती. चंद्रशेखर डावखुरे होते, ब्रश उचलताना त्यांचा हात तसा झटकायचा, एवढंच. सारंग डावखुरा नव्हता. त्याने ती शेपटी सायकलवर बघितली असेल आणि रेघ अशीच असते असं धरून चालला असेल.

मागच्या जोडावरची रेघ मधोमध तुटली होती.

खालून फक्त पाय दिसत होते. सारंगचे अनवाणी, प्रतापरावांचे चपलेतले.

"सारंग," चंद्रशेखर म्हणाले. "हा नट पप्पांनी नाही सोडला. मी सोडला. जेवायच्या आधी."

प्रतापरावांची चप्पल एक पाऊल मागे गेली. सारंगचे पाय हलले नाहीत.

"चुकून?" सारंगने विचारलं.

त्या एका शब्दात त्याने दार उघडं ठेवलं होतं. चंद्रशेखरांनी ते पाहिलं. आजच्या दिवसात आणखी एकाने सांभाळून घेतलेलं मात्र त्यांना चालणार नव्हतं.

"नाही. मुद्दाम."

"का?"

"तू दिवसभर पप्पा पप्पा करतोस, ते मला बघवत नव्हतं."

शेजारच्या घरातला पंखा फिरत असलेला ऐकू येत होता. मग सारंग जमिनीवर झोपला आणि कोपरांवर सरकत सांगाड्याखाली त्यांच्या शेजारी आला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, नटाकडे पाहिलं.

"आवळा," तो म्हणाला.

चंद्रशेखरांनी खिशातला पाना काढला आणि नट आवळला. आवळायचा तेवढाच आवळला. ते हाताला पाठ होतं.

सारंगने त्यांच्या हातातून पाना घेतला, नटाला लावला आणि जोर देऊन पाहिला. नट हलला नाही. त्याने पुन्हा एकदा पाहिला. एकतीस वर्षांत चंद्रशेखरांनी आवळलेल्या नटाला दुसऱ्या कोणी पाना लावला नव्हता.

मग त्याने चिंधीने जुनी रेघ पुसली. चंद्रशेखरांनी ब्रशसाठी हात पुढे केला. सारंगने ब्रश दिला नाही. डबी उघडून त्याने स्वतः रेघ मारली, वरून खाली, आणि शेवटी डावीकडे छोटी शेपटी.

"पप्पा," बाहेर सरकता सरकता तो म्हणाला, "मी मघाशी ओरडलो. चुकलं माझं." चंद्रशेखरांना तो काही बोलला नाही.

प्रतापरावांनी फळी बाहेर ओढली आणि उठवायला हात पुढे केला. चंद्रशेखरांनी तो लगेच धरला नाही. पण गुडघ्यांना आपलं आपण उठणं जमणारं नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने धरला.